आमरीची कुंडी

इंग्रजींत जिला ऑर्किड म्हणतात त्या वनस्पतीस आपल्याकडे आमरी असें सुरेख नांव आहे. परंतु तें नांव घेणारे थोडे, आणि तिला बांडगूळ म्हणून मोकळे होणारे फार! हा तिच्यावर मोठा अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या फांदींत मुळें शिरवून त्याचा रस ओढून घेतें. आमरी झाडावर केवळ बसते. पावसाचें पाणी, हवेंतील ओल आणि सालीच्या भेगांत कुजणारा पालापाचोळा एवढ्यावर तिचा निर्वाह चालतो. जमिनींत वाढणाऱ्या आमरीच्या जातीहि आहेत. पण घरोघरीं कुंड्यांतून दिसणारी डेंड्रोबियम ही मूळची वृक्षवासीच होय. त्या ग्रीक नांवाचा अर्थच मुळीं ‘झाडावर जगणारी’ असा आहे. एवढी एक गोष्ट ज्याच्या ध्यानीं आली, त्याला निम्मी विद्या आली असें समजावें. माझ्या ध्यानीं ती फार उशिरां आली.

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मला डेंड्रोबियमचें एक भरदार रोप आणून दिलें. कुंडींत नुसते कोळशाचे तुकडे पाहून मला वाटलें, बिचाऱ्या रोपाची ही काय आबाळ! मीं तो कोळसा फेंकून दिला, बाहेर लोंबणारीं पांढरीं मुळें कुरूप दिसतात म्हणून कापून टाकलीं, उत्तम काळी माती व शेणखत भरलें, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालूं लागलों. महिन्याभरांत कांड्या पिवळ्या पडल्या. कुंडी उपडी केली तों कुजका वास आला, आणि मुळांच्या जागीं नुसते दोरे हातीं लागले. पुढें ते गृहस्थ भेटले व त्यांनीं रोपाची विचारपूस केली, तेव्हां काय उत्तर द्यावें तें मला सुचेना.

चूक कोठें झाली? आमरीच्या मुळावर मृत पेशींचें, स्पंजासारखें पांढरें वेष्टन असतें. पाऊस पडतांच तें पाणी शोषून घेतें व मूळ हिरवट दिसूं लागतें. मग वाऱ्यानें सुकून पुन्हां पांढरें होतें. हें भिजणें आणि सुकणें आळीपाळीनें चालावें, यांतच मुळाचें आरोग्य आहे. मातींत हवा खेळत नाहीं, वेष्टन सदा ओलें राहतें, आणि मूळ गुदमरून कुजतें.

अशीच चूक थोरामोठ्यांनींहि केली आहे, हें वाचून मला थोडें समाधान वाटलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील धनिक लोक उष्ण प्रदेशांतून आणलेल्या आमरी कोंदट, तापविलेल्या कांचगृहांत कोंडून मारीत असत. १८३५ सालीं ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनीं जॉन गिब्सन नांवाच्या माळ्यास हिंदुस्थानांत धाडलें, व त्यानें हल्लींच्या मेघालयांतील खासी टेंकड्यांतून पुष्कळ आमरी नेल्या. ड्यूकचा प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन यानें कांचगृहांतील उष्णता कमी करून मोकळी हवा खेळविली, आणि रोपें तगूं लागलीं.

आतां कुंडी बदलण्याविषयीं. दोन-तीन वर्षांनीं कुंडींतील सोडणाचा कुजून भुगा होतो, किंवा कांड्या कांठाबाहेर झुकतात. तेव्हां वेळ आली असें जाणावें. फुलें असतां रोपास हात लावूं नये. बहर ओसरून बुडाशीं नवा कोंब फुटला व त्याचीं मुळें नुकतीं दिसूं लागलीं, कीं काम करावें. रोप आधीं भिजवावें, म्हणजे मुळें लवचीक होऊन मोडत नाहींत. जें मूळ दाबलें असतां टणक लागतें तें जिवंत; जें मऊ किंवा पोकळ लागतें तें, ज्योतीवर तापवून निवविलेल्या कात्रीनें कापावें. पानें झडलेल्या जुन्या कांड्या निरुपयोगी समजून कोणी छाटतात. तसें करूं नये. त्या टणक असेपर्यंत त्यांत पाणी व अन्न सांठविलेलें असतें, आणि कित्येकदां त्यांवरहि फुलें येतात.

नवी कुंडी जुनीहून दोन बोटेंच मोठी व पुष्कळ भोंकांची असावी. फार मोठींत ओल कोंडून राहते. तींत लोणारी कोळसा, विटेचे तुकडे, आणि पाणी बदलीत दोन दिवस भिजविलेलें नारळाचें सोडण भरावें. रोप काठीला बांधावें, नाहीं तर तें डुलून कोवळीं मुळें घासतात. मग चार-पांच दिवस, कापलेल्या जागा सुकेपर्यंत, पाणी घालूं नये. हा नियम सर्वांत अवघड, कारण हात राहवत नाहीं.

भरघोस फुलें हवीं असतील तर पानांकडे पाहावें. पान गर्द हिरवें असेल तर सावली फार झाली. रोप वाढेल, फुलणार नाहीं. पिवळट असेल तर ऊन फार. पोपटी रंग आला कीं जागा साधली. पूर्वेची ओसरी बहुधा मानवते. खत अगदीं पातळ करून, वाढीच्या दिवसांतच द्यावें.

सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांस एक विनंती: रानांतील आमरी उपटून आणूं नये. तिचें बीं धुळीसारखें बारीक असून त्यांत अन्नाचा सांठा नसतो. रानांत तें एका बुरशीच्या साहाय्यानेंच रुजतें. १९२२ सालीं अमेरिकेंत लुइस नड्सन यांनीं बुरशीवांचून, साखर घातलेल्या खाद्यावर बीं रुजवून दाखविलें. तेव्हांपासून बाटल्यांतून रोपें तयार होऊं लागलीं, आणि आज तीं रोपवाटिकांत सहज मिळतात.

त्या गृहस्थांस मीं अखेर खरें तें सांगितलें. ते हंसले, आणि दुसरें रोप देतांना एवढेंच म्हणाले, “मास्तर, याच्यावर थोडी कमी माया करा.” गेल्या वर्षीं त्याची कुंडी बदलतांना चार-चार कांड्यांचे दोन भाग झाले. त्यांतला एक मीं त्यांच्या घरीं पोंचता केला; त्याला नुकताच कोंब फुटला आहे.