पडला की पाडला?

फुटबॉलच्या सामन्यात खेळाडू कोसळला, की प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक म्हणतो फाउल, दुसरा म्हणतो नाटक. पंचांपुढे मात्र तिसराही पर्याय असतो. दोन्ही नाही असे ठरवून ते खेळ चालू ठेवू शकतात.

नियमानुसार अंगाला अंग लागणे हा गुन्हा नाही. प्रतिस्पर्ध्याला निष्काळजीपणे पाडले, तर डायरेक्ट फ्री किक मिळते. तो प्रकार स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात घडला, तर पेनल्टी. त्याला इजा होईल याची पर्वाच केली नाही, तर पिवळे कार्ड आणि अवाजवी बळ वापरले, तर लाल. पंचांना फसवण्यासाठी पडण्याचे सोंग केले, तर सोंग करणाऱ्यालाच पिवळे कार्ड दाखवले जाते. त्यासाठी खेळ थांबवला असेल, तर प्रतिस्पर्ध्यांना इनडायरेक्ट फ्री किक मिळते. तीवर थेट गोल होत नाही. मात्र जोरदार टॅकल चुकवण्यासाठी उडी मारून पडलेला खेळाडू सोंगाडा नव्हे. पंचांना हेतू ओळखावा लागतो, आणि खरी पंचाईत तिथेच आहे.

२०१४ च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यानंतर हॉलंडच्या आर्यन रॉबेनने पूर्वार्धात आपण मुद्दाम पडल्याची कबुली दिली. भरपाई वेळेतली निर्णायक पेनल्टी मात्र खरीच होती, असेही तो म्हणाला. एकाच सामन्यात एकच खेळाडू!

फ्री किक मिळाल्यावरही वाद संपत नाही. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूत, इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत, केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्यापूर्वीच सुनील छेत्रीने अतिरिक्त वेळेत फ्री किक मारून गोल केला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल ग्राह्य धरला आणि ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. पुढे त्या संघाला ४ कोटी रुपयांचा दंड झाला. झटपट फ्री किकसाठी शिट्टी आवश्यक नसते. पंच भिंत मागे सरकवू लागले, की मात्र शिट्टीची वाट पाहावीच लागते. तेव्हा नेमके काय चालले होते, यावरच सारा वाद पेटला.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील शालेय मैदानावर व्हिडिओ पंच कुठून येणार? तिथे पंच कोठे उभे आहेत, यावरच बरेचसे अवलंबून असते. चेंडूच्या थेट मागे धावणाऱ्या पंचांना दोन खेळाडूंमधली फट दिसत नाही. म्हणूनच मैदानावर तिरके धावण्याचा शिरस्ता आहे.