मोहाच्या सरबताने झिंग येत नाही

मोहाचं सरबत म्हटलं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-ब्रह्मपुरीकडेही अनेकांच्या भुवया उंचावतात. मोह म्हणजे दारू, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी. चंद्रपूर जिल्ह्यातही 2015 ते 2021 या काळात ती होती. हातभट्टीच्या बातम्यांत मोहाचं नाव सतत येत राहिलं आणि फुलाचीच बदनामी झाली.

वस्तुस्थिती अशी की मोहाच्या फुलात दारू नसते, साखर असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडणारं हे फूल फिकट पिवळसर, रसाने टच्च भरलेलं असतं. उन्हात वाळवलं की ते मनुकेसारखं तपकिरी आणि चिवट होतं, आणि त्याच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ही साखर यीस्टच्या तावडीत सापडली की फुलं आंबतात आणि मद्यार्क तयार होतो. तो वेगळा काढायला पुन्हा भट्टी लावावी लागते. म्हणजे दारू ही पुढची करणी आहे, फुलाचा गुण नव्हे. हीच फुलं जंगलपट्टीतल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या भाजून, शिजवून खाल्ली आहेत.

‘मोहफुलं घरात ठेवणं हाच गुन्हा’ ही भीतीही जुनी आहे, आणि तिला कारण आहे. इंग्रजी अमलात, 1892 मध्ये, मुंबई इलाख्यात मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदाच झाला होता. अबकारीचा महसूल बुडू नये म्हणून गरिबाच्या अन्नावर आलेली ही बंधनं पुढेही वेगवेगळ्या रूपांत टिकली. मात्र 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींचा हक्क मान्य केला आणि 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले.

सरबत करणं सोपं आहे, पण एक चूक सर्रास होते: फुलं रात्रभर पाण्यात भिजत घालणं. एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढ्या वेळात आंबण्याची सुरुवात होऊ शकते. त्यापेक्षा वाळलेल्या फुलांतले पुंकेसर काढावेत, माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यांनी फुलं धुवावीत, तासभर गरम पाण्यात ठेवावीत आणि त्याच पाण्यात चांगली उकळून, कुस्करून गाळावीत. गार झाल्यावर लिंबू आणि चिमूटभर मीठ. वरून साखर बहुधा लागत नाहीच.

‘आंबलं तरी उकळलं की दारू उडून जाते’ असंही म्हणतात. ते खरं नाही. उकळल्याने मद्यार्क कमी होतो, पण सगळा जाईलच असं नाही. बुडबुडे आले, आंबूस वास सुटला, की सरबत टाकून द्यावं. पातळ सरबत फ्रिजमध्येही दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. महिनोन्‌महिने टिकतो तो साखरेचा घट्ट पाक.

आणि मधुमेहींसाठी? ‘रानातलं आहे, चालतं’ हा समज घातक आहे. मोहातही ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोजच असतं.

मोहाची बदनामी दारूमुळे, बेलाच्या सरबताचं दुखणं निराळं. गर बियांसकट मिक्सरमध्ये फिरवला की बिया वाटल्या जाऊन सरबत कडवट होतं, आणि दोष मात्र फळाला दिला जातो. गर पाण्यात हाताने कुस्करून गाळला की कडवटपणा येत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज पन्ह्याबद्दलचा. ‘पन्हं प्यालं की ऊन लागत नाही’ म्हणून भर दुपारी शेतात जाणारे कमी नाहीत. ब्रह्मपुरीत पारा 46 अंशांपलीकडे जातो, तिथे हा विश्वास जिवावर बेतू शकतो. पन्ह्यातून पाणी, मीठ आणि साखर मिळते, घामाने झालेली झीज काही अंशी भरून निघते. पण उष्माघात त्याने टळेलच असं नाही. अंग तापलेलं असेल आणि माणूस बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर त्याच्या तोंडात पन्हं, सरबत काहीच ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत न्यावं, अंग ओलं करून वारा घालावा आणि 108 ला फोन करावा.