दीव : एका दिवसाची ओळख

दीवला जाणारा प्रवासी बहुधा सौराष्ट्रातून, उन्याच्या वाटेने येतो. खाडीवरील पूल ओलांडला की तो बेटावर पोहोचतो. बेट पूर्व-पश्चिम सुमारे अकरा किलोमीटर लांब असून शहर त्याच्या पूर्व टोकाला वसलेले आहे. एका दिवसात ते पायी पाहून होते. मात्र या आडबाजूच्या गावी एवढा प्रचंड किल्ला कोणी व कशासाठी बांधला, हा प्रश्न मनात ठेवूनच ते पाहावे.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी दीव आडबाजूला नव्हते. खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी असल्यामुळे तांबडा समुद्र व इराणचे आखात यांकडे जाणारी जहाजे येथे थांबत. गुजरातच्या सुलतानाचा अधिकारी मलिक अयाज याने बंदराची भरभराट केली आणि तटबंदीही उभारली. १५०९ साली पोर्तुगीजांनी येथील समुद्रात मामलुक व गुजराती आरमारांचा पराभव केला. तरी शहर त्यांच्या हाती लागले नाही. ते पुढे संकटकाळात मिळाले. हुमायूनच्या स्वारीने जेरीस आलेल्या बहादुरशहाने १५३५ मध्ये मदतीच्या आशेने त्यांना किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांनी, त्यांच्या जहाजावरील भेटीहून परतताना झालेल्या चकमकीत तो समुद्रातच मारला गेला.

किल्ल्याच्या तिन्ही बाजूंना पाणी आहे. चौथ्या, शहराकडील बाजूला खडक फोडून खंदक केलेला असून त्यात भरतीचे पाणी शिरते. १५३८ व १५४६ असे दोन मोठे वेढे येथे पडले. दुसऱ्या वेढ्यात तटाची इतकी पडझड झाली की, डागडुजीच्या कर्जासाठी राज्यपाल जुआंव द कास्त्रो याने आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नागरिकांकडे तारण म्हणून पाठविले. बुरुजावरून खाडीच्या तोंडाशी पाणीकोठा दिसतो. जहाजासारख्या दिसणाऱ्या या जलदुर्गात एके काळी कैदी ठेवीत.

मग शहराला उतरती कळा का लागली? व्यापार सुरतेकडे आणि नंतर मुंबईकडे वळला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मस्कतच्या अरबांनी शहर लुटले. भोवतालचा मुलूख परक्या सत्तेचा आणि राजधानी दूर गोव्यात. त्यामुळे दीवला पाठीशी प्रदेश असा उरलाच नाही. समुद्र मात्र उरला. येथील वाणी महाजनांना १६८६ मध्ये मोझांबिकच्या व्यापाराचा मक्ता मिळाला. ते गुजराती कापड आफ्रिकेत नेत आणि हस्तिदंत घेऊन परतत. या व्यापारात पुढे गुलामांचीही ने-आण झाली, हे शहरातील देखण्या हवेल्या पाहताना विसरता येत नाही.

१६१० साली पूर्ण झालेल्या सेंट पॉल चर्चमधील लाकडी कोरीवकाम सावकाश पाहण्याजोगे आहे. नागवा येथील किनाऱ्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. शेजारच्या दारूबंदी असलेल्या राज्यातून येणारी सुट्टीची गर्दी तेथे पुरेशी असते. जाता जाता होका माडांकडे लक्ष द्यावे. माडाच्या खोडाला फांद्या फुटत नाहीत, या आपल्या समजुतीला ही झाडे छेद देतात.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने दीव मुक्त केले. सूड म्हणून पोर्तुगीजांनी मोझांबिकमधील भारतीयांना छावण्यांत डांबले व अनेकांना हद्दपार केले. त्याची झळ दीवच्या घरांनाही पोहोचली. दीवचा कारभार १९८७ पर्यंत गोव्याशी जोडलेला होता. २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण यांच्यासह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

झांपा दरवाजाच्या आतील गल्ल्यांतून दुपारी फिरताना रंगीत दर्शनी भिंतींची अनेक घरे कुलूपबंद आढळतात. १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. त्या आधारे कित्येक कुटुंबे पोर्तुगालला आणि तेथून इंग्लंडला गेली.