मुलींना बोलिंग शिकवणारा आपला माणूस: आविष्कार साळवी

चलथाणच्या कॉलेजात बोलिंग टाकणाऱ्या मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा! ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅकग्रासारखी ॲक्शन असलेला मुंबईचा हा फास्ट बोलर 2003 मध्ये भारताकडून 4 वनडे खेळला. पुढे दुखापतींनी पिच्छा सोडला नाही. मग कोचिंग. 2023 मध्ये ते कोच असलेल्या पंजाबने बडोद्याला हरवून सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी जिंकली. नंतर ते भारतीय महिला संघाचे बोलिंग कोच झाले. 2025 च्या वर्ल्ड कपमध्ये क्रांती गौडने पाकिस्तानविरुद्ध 20 धावांत 3 बळी घेतले. काय टप्पा होता पोरीचा! 2 नोव्हेंबरला नवी मुंबईतल्या फायनलमध्ये दीप्ती शर्माने 5 बळी घेतले आणि कप आपला झाला. कोचचं नाव स्कोअरकार्डवर येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.