श्रमदानास येणारी शहरची मंडळी व गांवची तयारी

अलीकडे शहरांतील कचेऱ्यांची व कारखान्यांची मंडळी वर्षांतून एखादा दिवस खेड्यांत येऊन श्रमदान करूं इच्छितात. "आमचे चाळीस लोक अमक्या रविवारीं येतील, काम द्यावें," असें पत्र येतें आणि गांवकरी भिडेनें होकार देतात. त्या दिवशीं फलक लागतात, छायाचित्रें निघतात, गांवच्या बायकांवर पहांटेपासून चाळीस पानांचा स्वयंपाक पडतो, आणि संध्याकाळीं माळावर जाऊन पाहावें तों चार वेडेवांकडे खड्डे! दोष पाहुण्यांच्या हेतूचा नव्हे, तयारीचा आहे. ती तयारी बव्हंशीं आपल्या, म्हणजे यजमान शेतकऱ्यांच्या हातीं असल्यामुळें तिजविषयीं येथें लिहीत आहों.

पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ सालीं तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ सालीं ती ७५ तालुक्यांत पोंचली. त्या वर्षीं १ मे रोजीं शहरांतील हजारों नागरिक 'जलमित्र' म्हणून गांवोगांवीं कुदळफावडें घेऊन उतरले. २०१९ नंतर ती स्पर्धा राहिली नाहीं. परंतु तिच्यांतील एक गोष्ट घेण्याजोगी आहे. पाहुणे येण्यापूर्वीं गांवांतील निवडक स्त्रीपुरुषांनीं पाणलोटाच्या कामाचें शिक्षण घेतलेलें असे. काम कोठें व कसें करावयाचें, हें सांगणारा माणूस गांवचाच होता.

उतारावर समतल चर खणणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. चराची रेघ एका पातळींत असेल तरच पाणी जागच्या जागीं थांबून मुरतें. ती वीतभर ढळली कीं पाणी खालच्या टोंकाकडे धांवतें, तेथील भराव फोडतें आणि खालच्या शेताची माती घेऊन ओढ्यास मिळतें. म्हणजे पाहुण्यांच्या हौसेचा दंड खालच्या शेजाऱ्यानें भरावयाचा! म्हणून दोन काठ्या, एक आडवी पट्टी व ओळंबा यांची चौकट घेऊन जाणत्या माणसानें आदल्या दिवशींच फक्कीनें रेघा मारून ठेवाव्या. जमीनमालकाची संमति, आणि गायरान किंवा वनजमीन असल्यास संबंधित खात्याची परवानगी, त्यापूर्वींच लेखी घ्यावी.

कामाचा अंदाजहि खरा असावा. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल अशा चराच्या एका मीटरांत १८० लिटर पाणी मावतें. एरवीं खुर्चीवर बसणाऱ्या माणसाकडून सकाळच्या चार तासांत पाव घनमीटर माती निघाली तरी आम्ही ती पुष्कळ समजतों. चाळीस जणांचे दहा घनमीटर, म्हणजे सुमारें ५५ मीटर चर झाला. तेवढें काम जेसीबी यंत्र तासादोन तासांत उरकतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तेव्हां जेथें यंत्र चढतें तेथें ही माणसें लावूं नयेत. चढण उभी आहे, झाडें वांचवावयाचीं आहेत, किंवा ओघळींत दगडी बांध रचावयाचा आहे, अशी जागा त्यांच्यासाठीं राखून ठेवावी. दगड हातोहात देण्याची सांखळी नवख्यांसहि जमते. रचणारा मात्र गांवचा असावा.

उन्हाळ्यांत काम सकाळीं सहाला सुरू करून दहाला थांबवावें. जेवण, पिण्याचें पाणी, प्रवास व भाड्याचीं हत्यारें यांचा खर्च कचेरीनें सोसावयाचा, हें पहिल्याच उत्तरांत स्पष्ट लिहावें. येथें भीड कामाची नाहीं.

आणखी एक सुचवावेंसें वाटतें. हिशेबनिसाच्या हातीं फावडेंच दिलें पाहिजे असा कांहीं नियम नाहीं. शेतकरी उत्पादक कंपनीस दरवर्षीं लेखापरीक्षण करून घ्यावें लागतें, आणि कित्येक ठिकाणीं पावत्या जुळविणें, सभासदांची यादी लावणें हींच कामें तुंबून राहतात. हिशेबाची जाण असलेल्या पाहुण्यांनीं एक दिवस दप्तराशीं बसून तीं निस्तरलीं, तर ५५ मीटर चराहून तें साहाय्य मोठें ठरेल. (छायाचित्र मात्र चांगलें निघणार नाहीं.)

चर खणून घेतला असेल, तर पहिल्या दमदार पावसानंतर तो कोठें फुटला, कोठें गाळानें भरला, हें पाहण्यास त्याच कचेरीच्या दोघाचौघांनीं पुन्हा यावें, अशी अट आधींच घालावी. दुरुस्तीचें काम किती निघालें तें त्या वेळीं जागेवरच कळेल, आणि पुढील वर्षीं किती माणसें बोलवावीं, हेंहि.