फास्ट न थांबणाऱ्या स्टेशनवरचा सुपरहीरो

खिशात चार हजार, हातात मोबाइल आणि डोक्यात फॅन फिल्मचं भूत. कमी बजेटच्या फिल्मचा खरा खर्च नेमका कोण करतं?

आमच्या नाहूरला फास्ट लोकल थांबत नाही. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं हे स्टेशन २००६ साली सुरू झालं. तेव्हापासून आम्ही नाहूरकर रोज तेच करतो. फास्ट गाडी समोरून धडधडत जाते, आपण केस सावरायचे आणि स्लोची वाट बघायची.

या एवढ्याशा गोष्टीवर आम्ही पाच जणांनी सहा मिनिटांची फिल्म केली. दादरला मोठं संकट आलंय. आपला सुपरहीरो नाहूरच्या प्लॅटफॉर्मवर केप लावून तयार आहे. पण त्याला उडता येत नाही आणि फास्ट काही थांबत नाही. शेवटी तो स्लोने निघतो, विक्रोळीला एका काकांना बसायला जागा देतो, कुर्ल्याला दारात चेंगरतो आणि दादरला पोचतो तोवर संकट संपून झाडलोटही झालेली असते. बस्स, एवढीच गोष्ट.

आमच्या गच्चीवरून पश्चिमेला बघितलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडे गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी, म्हणजे आपली फिल्मसिटी. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम सुरू आहे. साधारण सव्वाबारा किलोमीटरचा हा रस्ता आणि त्यात डोंगराखालून जाणारे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. बोगदे झाले की नाहूरहून फिल्मसिटी अगदी हाकेच्या अंतरावर येईल. तोपर्यंत आमची फिल्मसिटी म्हणजे बिल्डिंगची गच्ची.

प्लॅटफॉर्म नंबर गच्ची

स्टेशनवर शूट करावं, असं साहजिकच पहिल्यांदा वाटलं. पण रेल्वेच्या हद्दीत शूटिंग करायचं तर रीतसर परवानगी हवी, फी हवी. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं आणि गुपचूप शूट करून पकडलं जायची हौसही नव्हती. मग गच्चीवर पुठ्ठ्याचा इंडिकेटर उभा केला. त्यात एलईडीची पट्टी बसवली. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पिवळा कागद चिकटवून त्यावर ‘नाहूर’ लिहिलं. कॅमेरा खाली ठेवून वर बघत फ्रेम लावली की मागे फक्त आकाश दिसायचं. लोकलच्या आतले शॉट्स जिन्यात घेतले. दारात लटकायला जिन्याचा कठडा आणि बाहेरचा वारा म्हणून हातातला टेबल फॅन.

फास्ट लोकलचा आवाज मात्र फुकट मिळाला, कारण बिल्डिंग रुळांच्या जवळच आहे. पण त्याच आवाजात सगळे संवाद बुडाले. शेवटी कपाटाचं दार उघडून, अंगावर गोधडी घेऊन, मोबाइलवर पुन्हा डबिंग केलं. गोधडीमुळे खोलीचा घुमारा मरतो, हे तेव्हा कळलं. मे महिन्यात गोधडीखाली हीरोचा आवाज काढणं किती वीरपणाचं आहे, हेही कळलं.

मालेगावने आधीच करून ठेवलंय

हे सगळं करताना आम्हाला वाटत होतं की आपण फारच भारी जुगाड करतोय. मग एकाने ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ लावली आणि आमची हवा निघाली.

नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव म्हणजे यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमाला गर्दी. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. स्थानिक कलाकार, साधा व्हिडिओ कॅमेरा आणि खर्च पन्नास हजारांच्या आसपास. गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे त्यांनी सुपरमॅनला मालेगावात आणायचं ठरवलं आणि ती फिल्म कशी बनली, यावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये हा माहितीपट केला.

त्यात कॅमेरामनला सायकलवर बसवून ट्रॅकिंग शॉट घेतात. क्रेन हवी तर बैलगाडी घेतात. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडतो. सुपरमॅन आहे यंत्रमागावर काम करणारा काटकुळा शफीक शेख, आणि त्याच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. तुम्ही हसता, पण त्याला हसत नाही. त्याला मनापासून हीरो व्हायचंय आणि सगळं गाव त्याला उडवायच्या खटपटीला लागलंय, हे दिसत असतं.

शफीक २०११ मध्ये कर्करोगाने गेला. माहितीपट भारतातल्या थिएटरांत लागला तो २०१२ मध्ये. या मंडळींवरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला २०२५ मध्ये. त्यात शफीकची भूमिका शशांक अरोराने केली आहे. मोठ्या पडद्यावर मोठ्या बजेटमध्ये शफीक उडाला, पण ते बघायला शफीक नव्हता. ही गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये बरेच दिवस डोक्यात राहिली. का, ते पुढे सांगते.

फॅन जमले की फिल्म चालते

फॅन फिल्मची एक गंमत आहे. ती अनोळखी माणसाला दाखवली तर त्याला अर्ध्या गोष्टी कळत नाहीत. पण त्याच वेडाची माणसं एका हॉलमध्ये असली की पहिल्या फ्रेमला टाळी पडते. म्हणून जगभर अशा फिल्म्सचं आणि फॅन कन्व्हेन्शनचं जुनं नातं आहे.

जपानमध्ये ओसाकाला १९८१ साली सायन्स फिक्शन चाहत्यांचं संमेलन होतं. त्याच्या सुरुवातीला दाखवायला काही कॉलेजच्या पोरांनी हाताने चितारून काही मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म केली, ‘दाइकॉन ३’. पोरं कर्जात गेली आणि फिल्मच्या कॉपी विकून त्यांनी ते फेडलं. १९८३ मध्ये पुन्हा केली, ‘दाइकॉन ४’. त्याच मंडळींनी पुढे गायनॅक्स स्टुडिओ काढला. त्यांच्यातल्या हिदेआकी आन्नोने ‘इव्हँजेलियन’ केलं. याच आन्नोने त्या दिवसांत अल्ट्रामॅनची फॅन फिल्मही केली होती. २०२२ च्या ‘शिन अल्ट्रामॅन’चा लेखक आणि निर्माता तोच. फॅन म्हणून सुरुवात केली आणि चाळीसेक वर्षांनी खरा अल्ट्रामॅन हातात आला!

अमेरिकेत केविन रुबिओची ‘ट्रूप्स’ ही स्टार वॉर्सवरची छोटी फिल्म १९९७ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक कॉनमध्ये पहिल्यांदा दाखवली गेली. पुढे रुबिओला स्टार वॉर्सची अधिकृत कॉमिक्स लिहायला मिळाली.

आपल्याकडे कॉमिक कॉन इंडिया २०११ मध्ये सुरू झालं. मुंबईतल्या पहिल्या काही वर्षांत त्याचं नाव होतं ‘मुंबई फिल्म अँड कॉमिक्स कन्व्हेन्शन’. फिल्म हा शब्द थेट नावात! नंतर ते नाव गेलं. आज तिथे गेलात तर कॉस्प्ले, कॉमिक्सचे स्टॉल, गेमिंग आणि मर्चंडाइज यांचीच गर्दी दिसते.

सॅटिनची केप, कांजूरची रिक्षा

कन्व्हेन्शन गोरेगावला नेस्कोत होतं, त्या वर्षी आम्ही चौघं गेलो. नाहूरहून स्लो, कांजूरमार्गला उतरून जेव्हीएलआरने रिक्षा. केप मी घातली होती. रिक्षावाले काका आरशातून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “नाटकाला चाललाय का?”

आत आमच्या फिल्मसाठी पडदाबिडदा अर्थातच नव्हता. आम्ही टॅबवर फिल्म घेऊन खाण्याच्या रांगेत उभे राहिलो आणि पुढच्या-मागच्यांना विचारलं, “सहा मिनिटं आहेत का?” रांगेत सगळ्यांकडेच सहा मिनिटं असतात. इंडिकेटरवर ‘फास्ट’ झळकून गाडी निघून जाते, तिथे हशा यायचा. डोंबिवलीचा एक स्पायडरमॅन मास्क वर करून म्हणाला, “भावा, आमच्याकडे फास्ट थांबते, पण चढता येत नाही. पार्ट टू काढ.” दिवसभरात चाळीसेक जणांनी फिल्म पाहिली. घरी यूट्यूबवर टाकली असती तर कदाचित चारशेंनी पाहिली असती. पण त्यांचं हसू ऐकायला आलं नसतं.

आणि ज्याच्यावर ते हसत होते, टाळ्या देत होते, तो आमचा हीरो तिथे नव्हता. तो मुलुंडला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. शनिवार-रविवार म्हणजे गिऱ्हाइकाचा दिवस, सुट्टी नाही. मी त्याला रांगेतून व्हिडिओ कॉल लावला. त्याने काउंटरखालून दोन सेकंद बघितलं, अंगठा दाखवला आणि फोन ठेवला.

हिशेब मांडला तेव्हा

घरी आल्यावर आम्ही खर्च लिहून काढला. सॅटिन आणि दोरे ६२०, पुठ्ठा आणि रंग ५४०, एलईडी ४८०, कॉलर माइक ६००, रिक्षा ३५० आणि तीन दिवसांचं खाणं १,२६०. एकूण ३,८५० रुपये. पाच जणांत वाटले तर प्रत्येकी ७७०. चार हजारांच्या आत फिल्म झाली म्हणून आम्ही खूश होतो.

तेव्हा हीरो सहज म्हणाला, “माझे तीन खाडे पण झाले.” दिवसाचे ४५० कापले, म्हणजे १,३५०. ते आमच्या हिशेबात कुठेच नव्हते. त्याचे ७७० धरून झाले २,१२०. आम्ही चौघं कॉलेजात. आमचा दिवस फुकट होता, त्याचा नव्हता. फिल्मवर सगळ्यात जास्त पैसे त्याने घातले होते आणि आम्ही त्याचं नाव नुसतं ‘कलाकार’ म्हणून टाकून मोकळे झालो होतो.

लो बजेट म्हणजे खर्च कमी, असं आपण धरून चालतो. खरं तर खर्च होतोच, फक्त तो कागदावर येत नाही. कुणाचा खाडा होतो, कुणाच्या आईचं शिलाई मशीन दोन रात्री चालतं, कुणी पंधरा माणसांचा चहा टाकतं. भारतीय सिनेमाची सुरुवातही अशीच झाली. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला आणि त्यांना सिनेमाने झपाटलं. भांडवल मिळवायला त्यांनी आधी रोपाची वाढ दाखवणारी छोटीशी फिल्म केली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी सरस्वतीबाई फिल्म धुवायला आणि तिला छिद्रं पाडायला मदत करायच्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाकही करायच्या. आजच्या फिल्मला हेच काम करणाऱ्यांची नावं क्रेडिटमध्ये स्वतंत्र येतात.

आम्ही फिल्मचा शेवट पुन्हा एडिट केला. आता पहिली पाटी ‘निर्माता’ आणि खाली आमच्या हीरोचं नाव. त्याच्या आईचं नाव ‘वेशभूषा’खाली. मग एका मंगळवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, गच्चीवर चादर बांधली, प्रोजेक्टर मागून आणला आणि बिल्डिंगला बोलावलं. शूटच्या वेळी “गच्ची कुणाला विचारून घेतली?” म्हणणारे काकाही खुर्ची घेऊन आले. हीरो सगळ्यात मागे, टाकीला टेकून उभा होता. स्वतःच्या फिल्मला लोक हसताना त्याने पहिल्यांदा ऐकलं. ‘निर्माता’ आल्यावर त्याच्या आईने शेजारणीला विचारलं, “म्हणजे पैसे याने दिले?” आणि मग त्याच्याकडे बघून, “मला बोलला नाहीस!” तिला राग आला होता की कौतुक वाटत होतं, आम्हाला अजून कळलेलं नाही.

तुम्हीही करणार असाल तर

• पहिल्या दिवसापासून वही ठेवा. पैशांसोबत खाडे आणि दिवसही लिहा. कमाई झालीच तर त्याच वहीप्रमाणे वाटा.

• आवाजाकडे आधी लक्ष द्या. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, संवाद कळला नाही तर उठून जातात.

• दुसऱ्याचं पात्र घेतलंत तर त्यावर धंदा करू नका आणि मूळ संगीत उचलू नका. ‘स्टार ट्रेक’वाल्यांनी २०१६ मध्ये चाहत्यांसाठी नियमच काढले. फिल्म पंधरा मिनिटांच्या आत आणि कमाईसाठी नाही. स्वतःचा सुपरहीरो केलात तर ही कटकटच नाही.

• डेडलाइन हवी असेल तर आयएफपीचं (पूर्वीचं इंडिया फिल्म प्रोजेक्ट) ५० तासांत फिल्म करण्याचं आव्हान आहे. हे २०११ पासून चालू आहे आणि त्यात मोबाइलवर शूट करणाऱ्यांसाठी वेगळा गट असतो. शॉर्ट फिल्म, माहितीपट आणि अ‍ॅनिमेशन मोठ्या पडद्यावर बघायचे तर मुंबईतच मिफ्फ हा महोत्सव १९९० पासून आहे. आधी बघायला जा.

• पहिला शो अशा दिवशी ठेवा, ज्या दिवशी युनिटमधल्या सगळ्यांना येता येईल.

पार्ट टू लिहून झालाय. त्यात डोंबिवलीही आहे. शूट मंगळवारीच.