कडाक्याची थंडी आणि गॅरेजचे दार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिकागो, मिनीॲपोलिस, डेट्रॉइट किंवा टोरांटो यांसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरातले सर्वांत मोठे व वजनदार हलते यंत्र म्हणजे गॅरेजचे दार. परंतु दिवसातून चार-सहा वेळा बटण दाबताच ते निमूटपणे वर जात असल्यामुळे, त्याच्या देखभालीत होणारी हयगय सहसा जानेवारीतल्या एखाद्या सकाळी, कामावर निघण्याच्या ऐन घाईतच ध्यानात येते. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे ३० अंश सेल्सियसच्याही खाली उतरला होता. अशा दिवसांत दार अडले की सगळे खापर थंडीच्या माथ्यावर फुटते. वास्तविक थंडी दाराला नवे दोष क्वचितच लावते; वर्षभर दबून राहिलेले जुने दोष ती उघडकीस आणते, आणि पुढील बहुतेक गैरसमज या एका गोष्टीच्या विस्मरणातून जन्मलेले आहेत.

गैरसमज १ : दाराचे ओझे मोटार उचलते.

वस्तुस्थिती : दोन गाड्यांच्या गॅरेजचे सोळा फूट रुंदीचे पोलादी दार साधारणपणे दीडशे ते अडीचशे पौंड वजनाचे असते. हे ओझे तोलून धरण्याचे काम दारावरच्या दांड्याला बसवलेल्या पीळदार स्प्रिंगकडे असते. तराजूच्या एका पारड्यात दार आणि दुसऱ्यात स्प्रिंगचा ताण, अशी ही योजना असून, मोटारीने केवळ त्या तोललेल्या दाराला मार्गी लावायचे असते. हा समतोल शाबूत आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. दार पूर्ण बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून मोटारीचा संबंध तोडावा, दार हाताने कंबरेइतके उचलावे आणि हात हलकेच सैल करावा. ते जागच्या जागी राहिले तर समतोल ठीक आहे. खाली येऊ लागले तर स्प्रिंगचा ताण कमी पडतो आहे. दार उघडे असताना मात्र ही दोरी कदापि ओढू नये, कारण स्प्रिंग तुटलेली असल्यास सगळे वजन एकदम खाली कोसळते.

गैरसमज २ : स्प्रिंग थंडीमुळे तुटते.

वस्तुस्थिती : सामान्य स्प्रिंगचे आयुष्य सुमारे १०,००० उघडझापींचे धरलेले असते; दिवसाला चार उघडझापी होत असल्या तर ही मुदत सात वर्षे पुरी होण्याआधीच संपते. फेरीगणिक धातू थोडा थोडा थकत गेलेला असतो, अतिशीत हवेत त्याचा चिवटपणा घटतो, वंगण घट्ट झाल्यामुळे दाराचा अवरोध वाढतो, आणि मुदत भरत आलेली तार अखेर तुटते. रात्री गॅरेजमधून बार उडाल्यासारखा आवाज यावा आणि सकाळी पाहावे तो दांड्यावरच्या सलग वेटोळ्यांत दोन-तीन बोटांची फट पडलेली दिसावी, ही त्याची नेमकी खूण होय. अशा वेळी बटण दाबू नये, आणि स्प्रिंग स्वतः सोडवण्याचे धाडस तर मुळीच करू नये. तिच्यात साठलेला ताण हात मोडण्यास पुरेसा असतो. हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे, आणि स्प्रिंगा दोन असतील तर दोन्ही एकदमच बदलून घ्याव्यात, कारण दोन्हींचे वय सारखेच असते.

गैरसमज ३ : पोलाद आकसल्यामुळे दार रुळांत अडकते.

वस्तुस्थिती : तापमान चाळीस अंशांनी उतरले तरी सोळा फुटी पोलादी दार आकसून आकसून जेमतेम सव्वादोन मिलिमीटर आकसते, आणि एवढी सवड रुळांत बहुधा असतेच. खरा अडथळा असतो तो जुन्या, धूळ खाऊन मेणासारख्या घट्ट झालेल्या ग्रीसचा. दुकानाच्या शटरच्या खाचांत तेल सोडण्याची सवय अंगवळणी पडलेला मनुष्य येथेही रुळांनाच ग्रीस फासतो, आणि थंडी पडताच तेच ग्रीस चाकांची वाट अडवते. रूळ कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावेत; वंगण द्यावे ते बिजागऱ्यांना, चाकांच्या बेअरिंगांना आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांना.

गैरसमज ४ : डब्ल्यूडी-४० मारले की काम झाले.

वस्तुस्थिती : १९५३ साली सॅन डिएगोत सिद्ध झालेले हे मूळ द्रव्य पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी योजलेले होते. जुना चिकटा सोडवण्यास ते उपयुक्त आहे. परंतु दाराच्या सांध्यांत टिकून राहणारे वंगण म्हणून सिलिकोनचा फवारा किंवा पांढरे लिथियम ग्रीसच वापरावे.

गैरसमज ५ : जमिनीला गोठून चिकटलेले दार बटण पुन्हा पुन्हा दाबल्यास किंवा उकळते पाणी ओतल्यास सुटते.

वस्तुस्थिती : दाराच्या तळाशी असलेल्या रबरी पट्टीखाली वितळलेल्या बर्फाचे पाणी शिरते व रात्री गोठते. मोटारीने जबरदस्ती केली तर ती पट्टी फाटते किंवा ओपनरची दंतचक्रे झिजतात. ओतलेले पाणी तर थोड्याच वेळात गोठून संकट दुणावते. केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब द्यावी, बर्फ हलक्या हाताने खरवडावा, दार सुटताच उंबऱ्याची जागा कोरडी करावी आणि पट्टीवर सिलिकोन फवारावे. मीठ जपून वापरावे. ते पोलादाला गंजवते आणि काँक्रीटलाही बाधते.

गैरसमज ६ : थंडीत दार मिटेनासे झाले, तर ओपनरचा जोर वाढवावा.

वस्तुस्थिती : १ जानेवारी १९९३ पासून निर्माण होणाऱ्या घरगुती ओपनरांना, दाराखाली कोणी सापडू नये अशी तजवीज ठेवणे अमेरिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेल्या दोन विद्युत्‌नेत्रांवर दव, हिम किंवा हिवाळ्यातील तिरपे ऊन पडले, तरी अडथळा आहे असे समजून दार माघारी फिरते. म्हणून प्रथम ती नेत्रे मऊ फडक्याने पुसावीत. कारण न शोधता जोर वाढवणे म्हणजे लहान मुलांच्या संरक्षणार्थ केलेला बंदोबस्त आपल्याच हाताने मोडणे होय. दीड इंच जाडीची फळी दाराखाली आडवी ठेवून दार मिटावे; फळीला टेकताच दोन सेकंदांच्या आत ते परतले नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ओपनर वापरू नये.

गैरसमज ७ : दार उघडे ठेवले म्हणजे गाडी गॅरेजमध्येच तापवण्यास हरकत नाही.

वस्तुस्थिती : सर्वांत घातक समजूत हीच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही, आणि उघड्या दारातून तो सगळाच्या सगळा बाहेर जातो असेही नाही. गॅरेजला लागून असलेल्या भिंतीच्या फटींतून तो झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो. इंजिन सुरू होताच गाडी बाहेर काढावी आणि घरात या वायूची सूचना देणारे यंत्र चालू स्थितीत ठेवावे.

या सर्व गोष्टींना ऑक्टोबरातील एखादी सकाळ पुरते : समतोलाची परीक्षा, रुळांची सफाई, सांध्यांना वंगण, रबरी पट्टीची पाहणी आणि शेवटी फळीची चाचणी, याच क्रमाने, कारण समतोल बिघडलेल्या दाराला कितीही वंगण दिले तरी त्याचे ओझे मोटारीवरच पडत राहते, आणि तो बिघाड शरदातच सापडला तर कारागिराला बोलावण्यास हाताशी वेळ असतो.